सात हजार रुपयांचा हिशेब

मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी या जुन्या जहाज कंपनीत ऑड्री डिकोस्टा लघुलेखिका म्हणून काम करीत होत्या. कंपनीच्या दप्तरी त्यांचे पद ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे नोंदलेले होते. साहेबांनी सांगितलेला मजकूर लघुलिपीत उतरवून घ्यायचा, तो टंकलिखित करायचा, कार्यालयातील गोष्ट कार्यालयातच ठेवायची, हे त्यांचे काम. त्याच कंपनीत पुरुष लघुलेखकही होते आणि त्यांचे कामही याहून निराळे नव्हते. निराळा होता तो पगार. जून १९७७ मध्ये कंपनीने ऑड्रीबाईंची नोकरी संपवली. निमूटपणे घरी जाण्याऐवजी त्यांनी कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला. स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याचा कायदा २६ सप्टेंबर १९७५ रोजी वटहुकमाच्या रूपाने आला होता. त्या दिवसापासून नोकरीच्या अखेरच्या दिवसापर्यंत पुरुष सहकाऱ्यांपेक्षा जितके कमी मिळाले, तितके आपल्याला मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. ही रक्कम सात हजार रुपयांहून थोडी अधिक होती.

या सात हजार रुपयांसाठी त्यांना दहा वर्षे झगडावे लागले. पहिल्या अधिकाऱ्याने काम सारखेच आहे हे मान्य केले, तरी अर्ज फेटाळला. अपिलात १९८२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिथे एकदा हरली, दुसऱ्यांदा हरली, आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेली. २६ मार्च १९८७ रोजी न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांनी लिहिलेल्या निकालाने या प्रकरणावर पडदा पडला. देशभरातील विधी महाविद्यालयांत हा निकाल शिकवला जातो. आपल्या समाजात मात्र ऑड्री डिकोस्टा हे नाव ठाऊक असलेली माणसे किती, असा प्रश्न आम्ही आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाच्या बैठकीत विचारला. एकही हात वर आला नाही. ज्या समाजातील मुलींनी तीन पिढ्या मुंबईच्या कचेऱ्यांतून टंकलेखन केले, इस्पितळांतून रात्रपाळ्या केल्या, शाळांतून वर्ग सांभाळले, त्या समाजाला हे नाव ठाऊक नसावे, याचे आम्हाला वाईट वाटले. हा लेख त्या बैठकीतून जन्मला आहे. तो आम्ही सर्व जणींनी मिळून लिहिला आहे. त्यातील मते काहींना कडू लागतील, याची आम्हाला कल्पना आहे.

ऑड्रीबाईंच्या खटल्यातील एक गोष्ट प्रथम सांगायला हवी. त्यांचा पहिला अर्ज फेटाळला गेला तो मालकाच्या युक्तिवादामुळे नव्हे. कर्मचाऱ्यांची युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात १९७५ साली जो करार झाला होता, त्यामुळे तो फेटाळला गेला. लेडी स्टेनोग्राफरांची वेतनश्रेणी त्या कराराने ठरली होती, आणि कामगारांच्या वतीने त्यावर सही होती. म्हणजे ज्या संघटनेने त्यांच्या बाजूने उभे राहायचे, तिच्याच सहीचा कागद त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुढे करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट केले की कायद्याला विसंगत असा करार स्त्रीचा हक्क हिरावून घेऊ शकत नाही. परंतु तो कागद तयार होत असताना टेबलाभोवती कोण बसले होते, हा प्रश्न उरतोच. तिथे लघुलेखिकांची बाजू मांडणारे कुणी असते, तर त्या सात हजार रुपयांसाठी दहा वर्षे खर्ची पडली असती काय?

आम्ही युनियनच्या विरोधात नाही. संघटित कामगारांनी या देशात जे मिळवले, ते आमच्या बापभावांनीच मिळवले आहे. पण पुरुषांच्या संघटनेत स्त्रीचा प्रश्न नेहमी ‘नंतर पाहू’ या सदरात जातो, हाही आमचा अनुभव आहे. अहमदाबादची ‘सेवा’ ही संस्था घ्या. १९७२ साली इला भट्ट यांनी ती मजूर महाजन या गिरणी कामगारांच्या संघटनेच्या छत्राखालीच उभी केली. डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, घरी बसून शिवणकाम करणाऱ्या, रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बायका तिच्या सभासद होत्या. या बायकांना ठरलेला मालक नाही, मग त्यांची युनियन कशी होईल, असा प्रश्न तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनीही विचारला होता. १९८१ साली मजूर महाजनाने ‘सेवा’ला बाहेरची वाट दाखवली. त्या बायका उघड्यावर पडतील असे अनेकांना वाटले असेल. घडले ते उलटेच. संस्था वाढत गेली आणि लाखो स्त्रियांची झाली. जे काम कामच मानले जात नव्हते, त्याचे मोल या बायकांनी स्वतः मागितले. त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी ते मागितले नसते.

आपल्याकडचे उदाहरणही दूरचे नाही. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी काम बंद ठेवले. आजारपणातही पगार कापला जातो, वर्षानुवर्षे पगारात वाढ होत नाही, या साध्या तक्रारींतून तो संप पेटला आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. १९८५ साली बेल्जियमहून आलेल्या धर्मभगिनी जीन डेव्होस यांनी राष्ट्रीय घरेलू कामगार चळवळ सुरू केली आणि मुंबईतून तिचा विस्तार केला. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. पुण्याच्या संपानंतर त्याला अठ्ठावीस वर्षे लागली. उशीर झाला हे खरे. परंतु त्या बायका रस्त्यावर आल्याच नसत्या, तर कायदा करण्याचे कुणाला सुचले असते काय?

आता आक्षेपांकडे वळू. ते आमच्या बैठकीत आमच्याच भगिनींनी, आणि बैठकीबाहेर बंधूंनी, मांडले आहेत.

पहिला आक्षेप पोशिंद्याचा. पुरुषावर घर चालवण्याची जबाबदारी असते, बाईचा पगार हा वरखर्चाचा, तेव्हा त्याला थोडे जास्त मिळाले तर बिघडले कुठे? हा विचार आपल्या मनात इतका खोल रुजला आहे की त्याला धर्माचा आधार आहे असेही काहींना वाटते. त्यात थोडे तथ्य आहे, ते लपवण्याचे कारण नाही. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढले, त्यात मजुरी ही काटकसरी मजुराचे पोट भरण्याइतकी असलीच पाहिजे, असा आग्रह होता. १९३१ साली पोप पायस अकरावे यांनी कुटुंबाच्या बापाला कुटुंब पोसण्याइतके वेतन मिळाले पाहिजे, असे सांगितले. मालक मजुराला पिळून काढत होते, आयांना आणि लेकरांना कारखान्यात राबावे लागत होते, त्या काळी ही भूमिका गरिबांच्या बाजूची होती. पण बापाला पुरेसे द्या, यातून आईला कमी द्या, हा अर्थ काढला तो हिशेबनिसांनी. १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या स्त्रियांना उद्देशून पत्र लिहिले आणि समान कामाला समान वेतन ही तातडीची गरज असल्याचे त्यात स्पष्ट नमूद केले. त्या पत्राचे आपल्याकडे कौतुक पुष्कळ झाले. त्यातील या एका मुद्द्यावर प्रवचने किती झाली, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

शिवाय पोशिंदा म्हणजे नेहमी पुरुषच, हे गृहीत धरायचे कशासाठी? आमच्या मंडळात विधवा आहेत. नवरा अंथरुणाला खिळलेल्या आहेत. भावंडांची शिक्षणे करता करता अविवाहित राहिलेल्या आहेत. नवऱ्याचा पगार गुत्त्यात जातो, अशाही आहेत, आणि त्या कोण हे गावाला ठाऊक आहे. यांच्यापैकी कुणाला मालकाने कधी पोशिंदी म्हणून जास्त दिल्याचे ऐकले आहे काय? आणि ज्या अविवाहित तरुणावर कुणाचाच भार नाही, त्याला कधी पुरुष असूनही कमी दिले आहे काय? तेव्हा गरजेचा युक्तिवाद हा खरा युक्तिवाद नव्हेच. गरज पाहून पगार द्यायचा असेल, तर सर्वांची गरज पाहावी. काम पाहून द्यायचा असेल, तर काम पाहावे. स्त्रीच्या बाबतीत मात्र यातले जे स्वस्त पडेल ते पाहिले जाते.

दुसरा आक्षेप ‘हलक्या’ कामाचा. हा आमच्या वाड्यांतून रोज ऐकू येतो. पुरुष कुदळ मारतो, आळी खणतो, म्हणून त्याचा रोज अधिक. बाई निंदणी करते, फुले खुडते, भाजीच्या जुड्या बांधते, म्हणून तिचा रोज शे-दोनशे रुपयांनी कमी. कंबर वाकवून दिवसभर उन्हात निंदणी करणे हलके, हे ज्याने ठरवले त्याने एकदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती करून पाहावी. इमारतीच्या कामावर बिगारी पुरुष घमेले भरून देतो आणि बाई ते डोक्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढते. यातले जड काम कोणते? आमच्या राज्यातच रोजगार हमी योजनेने दाखवून दिले की खोदलेली माती मोजून दाम देता येतो, हाताकडे पाहून देण्याची गरज नाही. दुष्काळाच्या कामांवर हजारो बायकांनी त्याच दराने मजुरी घेतली. सरकारी रस्त्यावर जे शक्य झाले, ते आमच्या वाडीत अशक्य का व्हावे?

तिसरा आक्षेप ऐपतीचा. संस्था गरीब आहे, धंदा तोट्यात आहे, सर्वांना सारखे द्यायला परवडत नाही. ऑड्रीबाईंच्या कंपनीनेही आर्थिक अडचणीचे कारण पुढे केले होते. न्यायालयाने ते मानले नाही. सर्वांना सारखे देण्याइतके पैसे नाहीत म्हणून एका गटाला कमी द्यावे, याला कायद्यात जागा नाही, असे न्यायालयाने सांगितले. आम्ही त्यात इतकीच भर घालू. तोटा आला तर तो सर्वांनी सोसावा. तो नेमका स्त्रियांच्याच पगारातून भरून काढायचा, हा कोणता न्याय? आपल्याच समाजातील माणसे चालवतात अशा एका संस्थेत आमच्या दोन मैत्रिणींनी आपल्या आणि पुरुष सहकाऱ्याच्या पगारातील फरकाविषयी विचारले, तेव्हा त्यांना ‘सेवाभाव’ ठेवण्याचा उपदेश मिळाला. सेवाभाव ही फार मोठी गोष्ट आहे, आम्ही ती मानतो. पण सेवाभाव स्वतः ठेवायचा असतो, दुसऱ्याच्या पगारातून कापून घ्यायचा नसतो. तो पुरुष सहकारीही सेवाच करीत होता. त्याच्या सेवेला मात्र पूर्ण वेतन होते.

अशा वेळी कुणी तरी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला देतो. मळेवाल्याचे पैसे, तो हवे तसे देईल! हा अर्थ लावणाऱ्यांनी तो दाखला पुन्हा शांतपणे वाचावा. त्या संध्याकाळी मळ्यातून कुणीही पूर्ण दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी घेऊन घरी गेला नाही. शेवटच्या तासाला आलेल्यालाही दिवसाचे पोट भरण्याइतके मिळाले. मालकाला कमी देण्याची मोकळीक त्या गोष्टीत नाहीच.

आता या प्रश्नाच्या मुळाशी असलेली युक्ती पाहू. ती आहे नावांची. काम तेच, पण बाईच्या पदाला वेगळे नाव द्यायचे आणि नाव वेगळे म्हणून दाम वेगळा ठेवायचा. ऑड्रीबाईंच्या कंपनीनेही हाच पवित्रा घेतला होता. गोपनीय लघुलेखिकांच्या पदावर पुरुष नाहीतच, मग तुलना कुणाशी करायची? त्यावर न्यायालयाने सरळ उत्तर दिले. त्या पदावर केवळ स्त्रिया आहेत, कारण व्यवस्थापनाला तिथे स्त्रियाच हव्या आहेत. पदाच्या नावावर जाऊ नका, प्रत्यक्षात काय काम केले जाते ते पाहा, आणि किरकोळ फरकांचा बाऊ करू नका, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच न्यायालयाने सहा वर्षे आधी, १९८१ साली, एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात नेमकी उलट भूमिका घेतली होती. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवण्याची अट न्यायालयाने मोडीत काढली, हे चांगलेच झाले. पण विमानात त्यांच्याच बरोबरीने काम करणारे पुरुष हे निराळ्या श्रेणीचे, म्हणून वेतन आणि सेवाशर्तींतील फरक चालेल, असे मानले गेले. श्रेणी वेगळी केली कुणी? ज्याला फरक हवा होता त्यानेच. मग वेगळ्या श्रेणीमुळे फरक न्याय्य ठरतो, हे कसे?

याहून कठीण गोष्ट अशी की काही कामांत तुलनेला पुरुषच नसतो. अंगणवाडी सेविकेचे पाहा. १९७५ पासून ही योजना चालू आहे. मुलांना खाऊ घालणे, त्यांचे वजन घेणे, गरोदर बाईची नोंद ठेवणे, वर सरकारची शंभर सर्वेक्षणे करणे, हे सगळे ती करते. तिला ‘सेविका’ म्हणतात आणि तिला मिळते ते ‘मानधन’. पगार म्हटले की कायदा लागू होतो, मानधन म्हटले की उपकार होतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तोही त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे भांडत राहिल्या म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्या संपावर गेल्या, तेव्हा बालकांचे हाल होतात म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. ती बालके इतकी वर्षे कुणाच्या जिवावर जेवत होती, याचा हिशेब त्यांच्यापैकी थोड्यांनीच केला.

म्हणून ‘समान काम’ एवढे म्हणून भागत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५१ साली जो करार केला, त्यातील शब्द आहेत ‘समान मूल्याचे काम’. भारताने तो करार १९५८ साली मान्य केला. पण आपल्या १९७६ च्या कायद्यात शब्द आले ते ‘तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम’. तो कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २०१९ च्या वेतन संहितेत तो विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. शब्द मात्र तेच राहिले. जुन्या कायद्यात स्त्रियांच्या रोजगारासाठी सल्लागार समित्या होत्या आणि त्यांत निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात असे बंधन होते. नव्या संहितेतील सल्लागार मंडळांत हे प्रमाण एक तृतीयांशावर आले. कायदा बदलला तेव्हा आपण कुठे होतो? आमच्या मंडळाने त्या वर्षी पाककला स्पर्धा भरवली होती, एक सहल काढली होती आणि नाताळचा कार्यक्रम केला होता. त्यात वाईट काही नाही. पण कायद्यातील आपली जागा आखडली जात असताना आम्हाला त्याची खबरही नव्हती, हे आम्ही आमच्याच विरुद्ध नोंदवून ठेवतो.

आणि विरुद्ध नोंदवण्यासारखे आणखी एक आहे. त्या बैठकीत एक वयस्कर भगिनी उठल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही साहेबाकडे समान पगार मागता, मग तुमच्या घरच्या मावशीला नाताळात पगारी सुट्टी देता का?” सभागृह शांत झाले. आमच्यापैकी बहुतेकींनी माना खाली घातल्या. आम्ही नोकरीला जाऊ शकतो, कारण दुसरी एक बाई आमच्या घरी भांडी घासते, आमची मुले पाहते. तिचा पगार ठरवताना आम्हीही ‘आजूबाजूला काय देतात’ तेवढेच विचारतो. वाडीतला बाईचा रोज ठरवतानाही हिशेब पुष्कळदा घरच्या बाईच्याच हाती असतो. ज्या मापाने आपल्याला मोजले म्हणून आपण तक्रार करतो, त्याच मापाने आपण दुसरीला मोजत असू, तर आपल्या मागणीत जोर कुठून येणार?

म्हणून आम्ही सुरुवात घरापासून करायचे ठरवले आहे. आमच्या मंडळाच्या सभासदांच्या वाड्यांमध्ये या हंगामापासून बाईला आणि पुरुषाला एकच रोज दिला जाईल. घरकाम करणाऱ्या भगिनींना आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला एक पगार बोनस म्हणून दिला जाईल. हे ज्यांना मान्य नाही त्यांनी मंडळ सोडावे असे आम्ही म्हणत नाही, पण त्यांनी ते सभेत उभे राहून सांगावे. दुसरे, नोकरी करणाऱ्या सभासदांनी आपला पगार गुपित ठेवण्याची सवय सोडावी. पगाराविषयी बोलणे असभ्य आहे असे आपल्याला शिकवले गेले, आणि त्या सभ्यतेचा फायदा नेहमी देणाऱ्याला झाला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला किती मिळते हे ऑड्रीबाईंना ठाऊक नसते, तर खटला उभाच राहिला नसता. तिसरे, ज्या भगिनीला तक्रार करायची असेल, तिच्यासोबत कामगार खात्याच्या दारापर्यंत आमच्यापैकी दोघी जातील, आणि तारखांना बसून राहतील. चौथे, आपल्या समाजाच्या शाळा, इस्पितळे, पतपेढ्या यांच्या व्यवस्थापनांना आम्ही नम्रपणे लिहिणार आहोत, की पदागणिक स्त्री आणि पुरुष यांना काय वेतन दिले जाते ते फलकावर लावावे. ज्यांच्या हिशेबात खोट नाही, त्यांना फलकाची भीती नसावी.

यामुळे समाजात दुही माजेल असे काहींना वाटते. दुही तर आहेच. ती महिन्याच्या एक तारखेला, पगाराच्या पाकिटात, दरमहा दिसते. आम्ही फक्त ते पाकीट सर्वांसमोर उघडायला सांगत आहोत.

ऑड्री डिकोस्टांना अखेर न्याय मिळाला. पण त्या दहा वर्षांत त्यांच्याशेजारी कोण उभे होते, हे निकालपत्रातून कळत नाही. अशी वेळ आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलीवर आली, तर तिला एकटीने उभे राहावे लागू नये. महिला मंडळ कशासाठी असते, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर हे आहे.